सापडलात? छान. मग आता कोण हरवलंय?

'अमेझिंग ग्रेस' हे गाणं अजिबात ऐकलेलं नाही असा माणूस शोधून काढावा लागेल. चर्चची पायरी कधीही न चढलेल्यांनीसुद्धा ते कुठल्यातरी इंग्रजी सिनेमात, अंत्यविधीच्या सीनमध्ये, बॅगपाइपवर वाजताना ऐकलेलं असतं. २०१५ साली अमेरिकेत चार्ल्सटनच्या चर्चमध्ये गोळीबार झाला. त्यात तिथले पाळक क्लेमेंटा पिंकनी आणि आणखी आठ जण मारले गेले. पिंकनींच्या अंत्यविधीत राष्ट्राध्यक्ष ओबामा भाषण करता करता थांबले आणि हेच गाणं म्हणायला लागले. आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती घरांत तर हे गाणं आणि त्याच्यामागची गोष्ट दोन्ही बाळकडूसारखी मिळतात.

गोष्ट साधारण अशी सांगतात. जॉन न्यूटन नावाचा एक इंग्रज खलाशी होता. गुलामांचा व्यापार करायचा. एकदा भर समुद्रात वादळ आलं, जहाज बुडायला लागलं, न्यूटननं देवाचा धावा केला आणि जहाज वाचलं. न्यूटनचे डोळे उघडले. त्यानं तो घाणेरडा धंदा सोडला आणि गाणं लिहिलं. काही उत्साही मंडळी तर असंही सांगतात की त्यानं जहाज तिथल्या तिथे वळवलं आणि सगळ्या गुलामांना आपापल्या घरी पोचवलं! ऐकणारे डोळे पुसतात, आमेन म्हणतात आणि जेवायला घरी जातात.

ही गोष्ट खोटी आहे. म्हणजे सुटे भाग बरेचसे खरे आहेत, पण जोडणी खोटी आहे. आणि अशी जोडणी करून आपण 'हरवणं' आणि 'सापडणं' या दोन चांगल्या शब्दांची पार वाट लावली आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी तारखा बघू. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची खोड. काही बिघडलं की पहिल्यांदा लॉग उघडायचा.)

१७२५ - न्यूटनचा जन्म, लंडन. बाप जहाजाचा कप्तान. मुलगा सात वर्षांचा व्हायच्या आतच आई गेली.
१७४८, मार्च - 'ग्रेहाउंड' जहाजावर ते प्रसिद्ध वादळ. न्यूटनचा धावा.
१७४८-४९ - न्यूटन गुलामांच्या जहाजावर कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी.
१७५० ते १७५४ - स्वतः कप्तान म्हणून गुलाम वाहून नेणाऱ्या तीन फेऱ्या.
१७५४ - पुढच्या फेरीवर निघायच्या दोन दिवस आधी अचानक झटका येऊन कोसळला. दर्यावर जाणं संपलं.
१७६४ - आत्मचरित्र छापलं. त्याच वर्षी ऑल्नी गावात पाळक झाला.
१७७३, १ जानेवारी - ते गाणं, नव्या वर्षाच्या उपासनेसाठी. छापलं गेलं १७७९ मध्ये.
१७८८ - गुलामांच्या व्यापाराविरुद्धची पुस्तिका.
१८०७ - मार्चमध्ये ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर कायद्यानं बंदी. डिसेंबरमध्ये न्यूटनचं निधन.

आता हा लॉग नीट वाचा. वादळ १७४८ चं आणि पुस्तिका १७८८ ची. मधे चाळीस वर्षं! आणि कप्तानपद वादळाच्या आधीचं नाही, नंतरचं आहे. म्हणजे न्यूटन गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला तो देवाला 'सापडल्या'वर. त्यानं दर्या सोडला तो प्रकृतीमुळे, सदसद्विवेकबुद्धी वगैरे जागी झाल्यामुळे नव्हे. आणि वळवायचं म्हणाल, तर वादळात सापडलेल्या त्या 'ग्रेहाउंड'वर गुलाम नव्हतेच. हस्तिदंत, मेण, लाकूड असा माल होता. मेण आणि लाकूड हलकं असल्यामुळे तर ते जहाज तरंगत राहिलं म्हणतात.

कप्तान असताना न्यूटन खलाशांना घेऊन रविवारी प्रार्थना करायचा. डेकवर प्रार्थना, आणि डेकच्या खाली बेड्या घातलेली माणसं. दोन्हींच्या मधे एक लाकडी फळी.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "अहो, माणूस हळूहळू बदलतो." बदलतो ना. मला त्यात काहीच अडचण नाही. माझी अडचण ती चाळीस वर्षं गाळून गोष्ट सांगण्याला आहे. कारण ती गाळली की गोष्टीत फक्त एकच माणूस हरवलेला उरतो आणि एकच सापडलेला. तो म्हणजे न्यूटन.

आता एक गंमत सांगतो, जी या गोष्टीत सहसा कुणी सांगत नाही. न्यूटन अगदी अक्षरशः, शब्दाच्या साध्या अर्थानं हरवलेला होता! नौदलात सक्तीची भरती, तिथून पळून जाणं, पकडल्यावर फटके, असं सगळं होऊन तो शेवटी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याच्या हाताखाली जाऊन पडला. तिथे उपासमार, आजारपण, अपमान. इंग्लंडमध्ये बापानं हाय खाल्ली नाही. त्यानं लिव्हरपूलच्या जोसेफ मॅनेस्टी या ओळखीच्या जहाजमालकाला गाठलं, माझ्या पोराचा शोध घ्या म्हणून सांगितलं. मॅनेस्टीच्या 'ग्रेहाउंड'चा कप्तान किनाऱ्यावर चौकशी करत करत गेला आणि पोरगा सापडला. तोवर न्यूटनचं तिथे जरा बरं चाललं होतं, त्यामुळे साहेब यायला तयार नव्हते. कप्तानानं तुला मोठा वारसा मिळालाय अशी चक्क थाप मारून त्याला जहाजावर चढवलं. :-)

म्हणजे बघा. एक बाप, हरवलेला मुलगा, आणि दूर देशात पाठवलेला शोध. वादळ, देव, धावा हे सगळं नंतरचं.

त्याच किनाऱ्यावरून पुढे न्यूटननं जी माणसं जहाजात भरली, त्यांनाही बाप होते. त्या बापांनी कुठल्या जहाजमालकाला गाठायचं होतं? त्यांच्यासाठी कोण चौकशी करत येणार होतं? अटलांटिकच्या या व्यापारात, इतिहासकारांच्या अंदाजानुसार, सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेतून जहाजांवर चढवली गेली. जवळजवळ १८ लाख वाटेतच मेली. 'हरवणे' हे क्रियापद वापरायचंच असेल तर त्याची खरी जागा इथे आहे.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. हरवणं-सापडणं ही भाषा न्यूटनची नाही. ती लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातली आहे. प्रसंग अगदी साधा आहे. येशू जकातदारांबरोबर आणि बदनाम लोकांबरोबर जेवायला बसतो. परूशी आणि शास्त्री कुरकुर करतात, हा असल्या लोकांबरोबर कसा काय जेवतो? त्या कुरकुरीला उत्तर म्हणून येशू तीन गोष्टी सांगतो. शंभरांतलं एक मेंढरू, दहांतलं एक नाणं आणि दोघांतला एक मुलगा.

हे विसरू नका. या गोष्टी हरवलेल्यांना उद्देशून सांगितलेल्या नाहीत. हरवलेले तर पंगतीत बसून जेवतायत. गोष्टी सांगितल्यात त्या दारात उभं राहून नाक मुरडणाऱ्या, स्वतःला कधीच न हरवलेलं समजणाऱ्या लोकांना.

पहिल्या दोन गोष्टींत हरवलेल्यानं काय करायचं असतं? काहीच नाही. मेंढरू पश्चात्ताप करत नाही. नाणं तर बिचारं कोपऱ्यात नुसतं पडून असतं. सगळी धडपड शोधणाऱ्याची. मेंढपाळ रान तुडवतो. ती बाई दिवा लावते, घर झाडून काढते. एक नाणं म्हणजे मजुराची साधारण एका दिवसाची कमाई, फार मोठी रक्कम नाही. तरी ती शोधते आणि सापडल्यावर शेजारणींना हाका मारून बोलावते.

तिसरी गोष्ट उधळ्या पुत्राची. ती सगळ्यांना पाठ आहे, म्हणजे अर्धी पाठ आहे. धाकटा वाटा मागून घेतो, दूर देशी जाऊन उधळतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची पाळी येते, मग परत येतो. बाप धावत जाऊन मिठी मारतो. त्यानं पाठ करून आणलेलं माफीचं भाषणसुद्धा पुरं होऊ देत नाही. झगा, अंगठी, जोडे, मेजवानी. रविवारचं प्रवचन इथे आटोपतं.

पण गोष्ट इथे आटपत नाही हो! थोरला भाऊ शेतावरून येतो. गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून चाकराला विचारतो, आणि रागावून बाहेरच उभा राहतो. बाप त्यालाही आणायला बाहेर येतो. थोरला आपल्या तक्रारीत धाकट्याला भाऊ म्हणत नाही, बापाचा मुलगा म्हणतो. बाप उत्तर देताना हळूच तो शब्द दुरुस्त करतो आणि त्याला पुन्हा भाऊ बनवतो. थोरला शेवटी आत जातो का? लूक सांगत नाही. अध्याय तिथेच संपतो, थोरला दारात असताना.

टिमोथी केलर या अमेरिकन पाळकानं २००८ साली 'द प्रॉडिगल गॉड' या पुस्तकात एक मार्मिक प्रश्न विचारला होता. पहिल्या दोन गोष्टींत कुणीतरी शोधायला जातं, मग तिसऱ्या गोष्टीत कुणीच कसं जात नाही? जायला कोण हवं होतं? उत्तर उघड आहे, थोरला भाऊ. केलर तिथून खऱ्या थोरल्या भावाकडे, म्हणजे ख्रिस्ताकडे वळतात. मला त्यापुढे एक भलताच प्रश्न पडतो. समजा दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी कुणीतरी हरवलं, शेजाऱ्याचा मुलगा म्हणा. आता शोधायला कोण जाईल? दूर देशाची वाट कुणाला माहीत आहे? डुकरांचा वाडा कुठे आहे, तिथे उपाशी माणूस रात्री कुठे झोपतो, हे घरात कुणाला ठाऊक आहे? फक्त धाकट्याला. बाप म्हातारा, थोरल्यानं शेताचा बांध ओलांडलेला नाही. ज्याला रस्ता माहीत आहे तो नवा झगा घालून मेजवानीतच बसून राहिला, वर्षानुवर्षं आपल्या सापडण्याची गोष्ट सांगत राहिला, तर तो हळूहळू थोरला भाऊच होणार की नाही?

१७४८ ते १७८८ या काळातल्या न्यूटनला मी हेच म्हणेन. झगा घातलेला थोरला भाऊ.

इथे जरा आमच्या धंद्यातलं बोलतो. शंभरांतलं एक मेंढरू गेलं ही गोष्ट कुठल्याही प्रोजेक्ट रिव्ह्यूमध्ये सांगून बघा. ९९ टक्के! स्लाइडवर हिरवा रंग येईल. आता ९९ टक्के अपटाइम म्हणजे वर्षातले साडेतीन दिवसांहून जास्त सर्व्हर बंद, हे ज्यानं त्या साडेतीन दिवसांत फोन घेतलेत त्यालाच कळतं. पण स्लाइडवर ते दिसत नाही. मेंढपाळ मात्र ९९ वर समाधानी नाही. त्याला कळतं कसं की एक कमी आहे? तो मोजतो म्हणून.

पण थांबा, मोजत तर न्यूटनही होता. कप्तान म्हणून त्यानं ठेवलेली रोजनिशी उपलब्ध आहे. जहाजावर माणूस मेला की त्यात नोंद आहे. पुरुष, बाई किंवा मूल, आणि सोबत एक नंबर. नाव नाही. प्रेत समुद्रात, आकडा वहीत. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे चोख काम!

तेव्हा मोजणं दोन प्रकारचं असतं. एक मेंढपाळाचं, ज्यात एक कमी भरला की माणूस उठून चालायला लागतो. दुसरं कप्तानाचं, ज्यात एक कमी भरला की शेवटची बेरीज बदलते. डेटा तोच, टेबल तेच. आपण दिवसभर ज्या डॅशबोर्डांसमोर बसतो ते यातल्या कुठल्या जातीचे आहेत, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आता माझा मुख्य मुद्दा. आमच्या मंडळ्यांमध्ये एक प्रथा आहे, 'साक्ष देणं'. उपासनेत कुणीतरी उभं राहतं आणि देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतं. दारू सुटली, आजार बरा झाला, नोकरी लागली, व्हिसा मिळाला. मी हरवलेला होतो, देवानं मला शोधलं. लहानपणापासून अशा किती साक्षी ऐकल्या त्याची गणती नाही. बऱ्याच मनापासूनच्या असतात. त्यांची टिंगल करायचा माझा हेतू नाही.

पण मराठीत साक्ष कोर्टातही देतात. आणि कोर्टातली साक्ष बहुतेक वेळा स्वतःसाठी नसते. साक्षीदार स्वतःचं कौतुक सांगायला पिंजऱ्यात उभा राहत नाही. दुसऱ्या कुणावर तरी काहीतरी गुदरलंय, ते त्यानं पाहिलंय, आणि ते सांगायला तो उभा राहतो. सांगितल्यामुळे स्वतःला त्रास झाला तरी.

न्यूटननं दोन साक्षी दिल्या. पहिली १७६४ सालचं आत्मचरित्र. मी किती वाया गेलेला होतो, देवानं मला कसं वाचवलं. ते तेव्हा भरपूर वाचलं गेलं. पण गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार त्यात शोधलात तर हाती फारसं काही लागत नाही. तो तेव्हा त्याला आपल्या वाट्याला आलेला एक पेशा वाटत होता, नावडता असेल फार तर. दुसरी साक्ष १७८८ ची. तिच्यात त्यानं जहाजाच्या पोटात काय चालतं ते लिहिलं. बेड्या, दाटीवाटी, रोग, बायकांवर होणारे अत्याचार. आपल्याला याची लाज वाटते आणि ही कबुली फार उशिरा येते आहे, हेही त्यानं लिहिलं. मग प्रिव्ही कौन्सिलच्या समितीपुढे आणि पुढे कॉमन्सच्या समितीपुढे जाऊन त्यानं तोंडी साक्ष दिली. अगदी कायद्याच्या अर्थानं साक्ष!

माझ्या मते न्यूटनचं सापडणं पुरं झालं ते या दुसऱ्या साक्षीला. तोवर तो सापडलेला होता, पण कशासाठी ते त्याला कळलं नव्हतं. आणि या माणसाबद्दल मला खरा आदर वाटतो तोही इथेच. साठी उलटलेला, नावाजलेला पाळक, गाणी लिहून लोकप्रिय झालेला. गप्प बसला असता तर कुणी विचारायला येणार नव्हतं. त्याआधी १७८५ साली तरुण खासदार विल्बरफोर्स त्याच्याकडे सल्ला मागायला आला होता, राजकारण सोडू का म्हणून. न्यूटननं त्याला पार्लमेंटमध्येच राहायला सांगितलं. धर्मासाठी जग सोड असं सांगणं त्याला सोपं होतं. त्यानं ते सांगितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल...

"तो काळच वेगळा होता. तेव्हा कुणाला कळत होतं?" कळत होतं की! न्यूटन दर्यावरून उतरला त्याच १७५४ साली अमेरिकेत जॉन वूलमन या क्वेकर माणसानं गुलामगिरीविरुद्ध निबंध छापला. त्याच ख्रिस्ताचं नाव घेणारा माणूस, तेच बायबल वाचणारा. आणि ज्यांना डेकखाली कोंबलं होतं त्यांना तर पहिल्या दिवसापासून कळत होतं. न्यूटनच्या पुस्तिकेच्या एक वर्ष आधी, १७८७ मध्ये, ओटोबा कुगोआनो या लहानपणी पळवून विकल्या गेलेल्या माणसानं लंडनमध्ये स्वतःचं पुस्तक छापलं होतं. १७८९ मध्ये ओलाउदा इक्वियानोचं आलं. हरवलेल्यांनी स्वतः उठून आपली साक्ष दिली, न्यूटनची वाट बघत बसले नाहीत. तरी जगाला पाठ आहे ते गाणं कप्तानाचं. याचा विचार एकदा तरी करायला हवा.

"पण कृपा फुकट असते. तुम्ही तिला अटी घालताय." हा आक्षेप जास्त गंभीर आहे. नाही, मी अट घालत नाही. बापानं अंगठी घातली तेव्हा धाकट्याकडून काही लिहून घेतलं नव्हतं. सापडण्यासाठी काहीही द्यावं लागत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. मी सापडल्यानंतरचं बोलतोय. बुडणाऱ्याला काठावर ओढून घेतलं, त्याची फी नाही. पण काठावर आल्यावर त्यानं पाण्यात हातपाय मारणाऱ्या बाकीच्यांकडे पाठ करून आपल्या सुटकेवर व्याख्यान सुरू केलं, तर त्याला "बाबा रे, जरा मागे बघ" म्हणायचं की नाही?

"प्रत्येकानं थोडंच समाजसेवक व्हायचं?" नकोच. मेंढपाळ समाजसेवक नव्हता. त्याला आपली शंभर तेवढी मोजता येत होती.

हे सगळं अठराव्या शतकातल्या इंग्रजांचं पुराण नाही. आपल्याकडे याच गोष्टीची उलटी बाजूही घडलेली आहे, आणि ती पुण्याजवळ केडगावला. पंडिता रमाबाई. जन्म १८५८. कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. भावाबरोबर पायी देश तुडवला. मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. हातात लहानगी मनोरमा. हरवण्यासारखं जे जे असतं ते सगळं तिशीच्या आत हरवून झालं होतं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना तिथे ओढलं कशानं? लंडनमधल्या फुलहॅमला, समाजानं टाकून दिलेल्या बायकांसाठी ख्रिस्ती भगिनी चालवत असलेल्या कामानं. म्हणजे शोधायला निघालेली माणसं त्यांनी आधी पाहिली, आणि यांना कोण पाठवतं हा प्रश्न मग विचारला.

परत आल्यावर त्यांनी काय केलं? १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, विधवांसाठी. पुढे ते पुण्याला आलं. धर्मांतराच्या आरोपावरून मोठा वाद झाला, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात दोन्ही बाजूंना म्हणणं होतं, आणि त्यावर आजही भांडता येईल. पण मला इथे दुसरीच गोष्ट दाखवायची आहे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिथे गेल्या आणि मुलींना, विधवांना घेऊन आल्या. शेकडो. दुष्काळात एकट्या पडलेल्या मुलीचं काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दूर देशाची वाट त्यांच्या पायाखालची होती. केडगावचं मुक्ती सदन यातूनच उभं राहिलं. त्यांनी आपली धार्मिक साक्ष पुस्तिका म्हणून छापली ती १९०७ मध्ये, दुष्काळातून मुली आणल्यावर दहा वर्षांनी.

क्रम बघा. न्यूटनचं आत्मचरित्र आधी आणि डेकखालची माणसं चोवीस वर्षांनी. रमाबाईंच्या मुली आधी आणि आत्मकथन मागून. आणि रमाबाईंनी पुढे हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. म्हणजे लूकचा पंधरावा अध्यायही आला त्यात. नाणं शोधणाऱ्या त्या बाईबद्दल लिहिताना त्यांना वेगळं काही समजावून घ्यावं लागलं नसणार.

आणि हो, ही फक्त आम्हा ख्रिस्ती लोकांची भानगड आहे असं समजून गालात हसू नका. साक्षी तुम्हीही देता, फक्त जागा वेगळी. लिंक्डइनवर रोज पाच तरी वाचतो. बर्नआउट झालो, राजीनामा दिला, स्पितीला गेलो, 'स्वतः'ला शोधलं, परत आलो, आता माझं स्टार्टअप आहे. खाली हजारभर लाइक. यात खोटं काही नसेल. पण या कथांमध्येही हरवलेला एकच आणि सापडलेला एकच असतो, आणि शोधणाराही तोच! ज्या टीममध्ये तो बर्नआउट झाला ती टीम अजून तिथेच आहे. तोच मॅनेजर, त्याच रात्री साडेअकराच्या मीटिंगा. स्पितीला जायला ज्याच्याकडे पैसे नाहीत, ज्याच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत, असा एखादा जण त्याच खुर्चीवर बसून आज हरवतोय. तिथली वाट तुम्हाला माहीत आहे. कितीदा फोन केलात?

किंवा ले-ऑफ घ्या. शुक्रवारी दुपारी एखाद्याचा ॲक्सेस बंद होतो. सोमवारी स्टँडअपमध्ये त्याचं नाव कुणी घेत नाही, जिरावरची तिकिटं दुसऱ्याच्या नावावर जातात. टाउनहॉलमध्ये सांगितलं जातं की आपण ९९ जण आता आणखी जोमानं पुढे जाऊ. कप्तानाची वही. एक नंबर खोडला, बेरीज जुळली. तुम्ही स्वतः मागच्या मंदीत असेच सुटले असाल आणि कुणीतरी रेफरल देऊन तुम्हाला नोकरीत घेतलं असेल, तर तुम्ही सापडलेले आहात. अभिनंदन. आता तुमची पाळी.

एकच मागणं आहे. चर्चमध्ये असो नाहीतर ऑफिसात, पुढच्या वेळी कुणी आपली हरवल्या-सापडल्याची गोष्ट सांगेल तेव्हा आपण आमेन म्हणू, टाळ्याही वाजवू. पण मग हलकेच विचारू, "बरं, पुढे? त्यानंतर कुणाला शोधायला गेलात?" प्रश्न आगाऊ आहे, मला माहीत आहे. पण चाळीस वर्षांत न्यूटनला तो कुणी वेळेवर विचारला असता, तर त्या तीन फेऱ्यांमधली काही माणसं तरी आपल्या बापांजवळ राहिली असती.

असो. रविवार आहे, उपासनेची वेळ झाली. आज ते गाणं असेल बहुतेक. मीही म्हणेन, चाल फार सुरेख आहे.